हंगामाआधी टेम्प्लेट: खासगी क्लाउडमध्ये काय कुठे बसवायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडली की सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या संगणक विभागात एकदम धावपळ सुरू होते. काट्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग, प्रत्येक खेपेचं वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशोब आणि शेवटी शेतकऱ्याचं बिल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, म्हणून बिलाचं काम तुंबून चालत नाही. त्यात आता प्रत्येक सभासद मोबाइलवर आपलं टनेज बघतो. मार्च-एप्रिलात पट्टा पडला की हा सगळा भार उतरतो. हंगामात सहा वेब सर्व्हर कमी वाटतात आणि जूनमध्ये दोनही जास्त होतात.

असं काम खासगी क्लाउडवर, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरच्या क्लाउडवर, चढवायला अगदी योग्य. मात्र व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशिन, एकेक करून हाताने उभं करायचं असेल तर क्लाउडचा काही उपयोग नाही. सहावं व्हीएम पहिल्यासारखंच निघालं पाहिजे, आणि ते नोव्हेंबरातल्या रात्री दोन वाजता, ज्याला आतली मांडणी माहीत नाही अशा माणसाच्या हातूनही निघालं पाहिजे. त्यासाठी सर्व्हिस टेम्प्लेट लागतं. इथे मायक्रोसॉफ्टचा सिस्टिम सेंटर व्हर्च्युअल मशिन मॅनेजर, म्हणजे व्हीएमएम, धरून लिहितो आहे. सर्व्हिस टेम्प्लेटची सोय त्यात २०१२ च्या आवृत्तीपासून आहे.

साधं व्हीएम टेम्प्लेट एका मशिनपुरतं असतं. सर्व्हिस टेम्प्लेटमध्ये अनेक टिअर (एकसारखं काम करणाऱ्या व्हीएमचे थर), प्रत्येक टिअरमध्ये किती व्हीएम, ती कोणत्या नेटवर्कला जोडायची, आधी कोणतं उभं राहायचं, आत कोणतं ॲप्लिकेशन चढवायचं, हे सगळं एकत्र येतं. डिझायनर उघडला की चौकोन ओढायचे आणि रेघा जोडायच्या एवढंच काम दिसतं, आणि तिथेच घात होतो. डिझायनर शेवटी उघडायचा. आधी कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: यातलं काय, किती वेळा बदलणार?

जे कधीच बदलणार नाही ते डिस्कच्या इमेजमध्ये, म्हणजे जिच्यावरून प्रत्येक व्हीएमची डिस्क निघते त्या मूळ प्रतीत. वर्षातून एकदा बदलणारं प्रोफाइलमध्ये, म्हणजे नव्या व्हीएमच्या ठरलेल्या मांडणीच्या यादीत. प्रत्येक वेळी उभारताना बदलणारं सर्व्हिस सेटिंगमध्ये, म्हणजे उभारताना भरायच्या रकान्यात. आणि ज्याचं आयुष्य सर्व्हिसपेक्षा, म्हणजे टेम्प्लेटवरून उभारलेल्या व्हीएमच्या संचापेक्षा, मोठं आहे ते टेम्प्लेटच्या बाहेर. ही वाटणी चुकली की वर्षभर त्याचं व्याज भरावं लागतं.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात महागडी चूक तिथे होते. डेटाबेस. व्हीएमएममध्ये तीन टिअरचा तयार नमुना मिळतो, वेब, ॲप्लिकेशन आणि डेटाबेस, आणि सगळे तोच उचलतात. पण सर्व्हिस डिलीट केली की तिच्यातली व्हीएम त्यांच्या डिस्कसकट जातात. वेब टिअरच्या बाबतीत हे हवंच असतं. पाच वर्षांची ऊस नोंद ज्या डिस्कवर आहे तिच्याबाबतीत हे भयंकर आहे. म्हणून ठाम सांगतो: ऊस नोंदीचा डेटाबेस सर्व्हिसच्या बाहेर, स्वतंत्र व्हीएमवर ठेवा. टेम्प्लेटला त्याचं फक्त नाव कळू द्या, तेही सेटिंगमधून. चाचणीसाठी प्रत्येक वेळी कोरा डेटाबेस लागत असेल तर तीन टिअरचं टेम्प्लेट जरूर करा, पण ते वेगळं, आणि नावात ‘चाचणी’ हा शब्द असलेलं.

आता इमेज. तिच्यात विंडोज सर्व्हर, त्या महिन्यापर्यंतचे पॅच आणि बॅकअप-अँटिव्हायरसचे एजंट (मागे चालणारे छोटे प्रोग्राम). एजंटांचंही बघून घ्या. काही एजंट बसताना स्वतःचा ओळख क्रमांक तयार करतात, तो इमेजमध्ये राहिला तर सहाही व्हीएम कन्सोलवर एकच म्हणून दिसतात. असे एजंट स्क्रिप्टने नंतर चढवा. कारखान्याचं ॲप्लिकेशन इमेजमध्ये कधीच घालू नका, हंगामात त्याची आवृत्ती चार वेळा बदलते.

चालू व्हीएमवरून टेम्प्लेट बनवताना व्हीएमएम त्या व्हीएमवर सिसप्रेप (मशिनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवतो आणि मूळ व्हीएम उरत नाही. म्हणून एक मास्टर व्हीएम बाजूला ठेवायचं, त्याचं क्लोन काढायचं, टेम्प्लेट क्लोनवरून करायचं. पुढच्या वर्षी त्याच मास्टरवर पॅच मारून पुन्हा क्लोन. सिसप्रेप झालेली इमेज उघडून, पॅच मारून, पुन्हा सिसप्रेप करण्याचा मोह टाळा.

इमेजच्या डिस्कचा आकार हे वरवर क्षुल्लक दिसणारं प्रकरण जरा जवळून पाहू. हायपर-व्हीमध्ये, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, नवी व्हीएचडीएक्स (व्हीएमच्या डिस्कची फाइल) करताना आकार आधीच १२७ जीबी भरलेला असतो, आणि डिस्क डायनॅमिक, म्हणजे भरेल तशी वाढणारी, असल्यामुळे कुणी तो बदलत नाही. प्रत्यक्ष जागा १८-२० जीबीच जाते ना, मग काय बिघडलं? बिघडतं कोट्यात, म्हणजे क्लाउडला आखून दिलेल्या मर्यादेत. क्लाउडच्या स्टोरेज कोट्याचा हिशोब डायनॅमिक डिस्कच्या कमाल आकारावर होतो. सहा वेब आणि तीन ॲप्लिकेशन अशी नऊ व्हीएम म्हणजे १२७ गुणिले ९, एकूण १,१४३ जीबी. कोटा १ टीबीचा असेल तर नववं व्हीएम उभं राहायला नकार देणार, आणि स्टोरेजवर मात्र भरपूर जागा मोकळी दिसणार. ६० जीबीची डिस्क घेतली तर तीच नऊ व्हीएम ५४० जीबीत बसतात. लॉगसाठी जास्त जागा लागली तर दुसरी डिस्क जोडता येते.

व्हीएम जनरेशन १ चं (जुना प्रकार) की जनरेशन २ चं (नवा) हेही इमेज करतानाच ठरतं आणि व्हीएम तयार झाल्यावर बदलत नाही. नव्या कामाला जनरेशन २ घ्या. त्यात यूईएफआय बूट आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होण्याची नवी, सुरक्षित पद्धत, मिळते, डिस्क मात्र व्हीएचडीएक्सच लागते. काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला ३२ बिटची विंडोजच हवी असेल तर ते व्हीएम जनरेशन १ वर, आणि या टेम्प्लेटपासून दूर.

नंतर न बदलणारी आणखी एक गोष्ट म्हणजे लोड बॅलन्सर, येणारा भार सर्व्हरमध्ये वाटणारा. तो सर्व्हिस उभारण्याआधी टिअरला जोडलेला असावा लागतो. चालू सर्व्हिसला नंतर लोड बॅलन्सर जोडण्याची सोय व्हीएमएम देत नाही. यंदा एकाच वेब सर्व्हरवर भागतंय, पुढच्या वर्षी बघू, असं म्हटलं तर पुढच्या वर्षी सर्व्हिस पाडून नव्याने उभारावी लागते. विंडोजचा स्वतःचा लोड बॅलन्सर, एनएलबी, वापरणार असाल तर वेब टिअरला स्थिर आयपी द्या आणि हार्डवेअर प्रोफाइलमध्ये मॅक ॲड्रेस स्पूफिंगला (नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलू देण्याला) परवानगी द्या. ही खूण करायची राहिली तर युनिकास्ट पद्धतीत एनएलबी नीट चालत नाही, आणि दोष नेटवर्कवाल्यांच्या माथी जातो.

स्थिर आयपी म्हटलं की आयपी पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, आला, आणि पूल कमाल संख्येवर मोजायचा असतो. /२८ चं सबनेट (पत्त्यांचा सलग गट) घेतलं तर १६ पत्ते, त्यातले वापरण्याजोगे १४. गेटवेचा एक गेला, उरले १३. लोड बॅलन्सरच्या व्हीआयपीसाठी (बाहेरून दिसणाऱ्या सामाईक पत्त्यासाठी) दोन राखले, उरले ११. हंगामात नऊ व्हीएम, म्हणजे बसतात. पण बिलाची नवी आवृत्ती तपासायला तीच सर्व्हिस शेजारी दुसऱ्यांदा उभारायची म्हटली तर दोनच पत्ते शिल्लक. /२७ घेतलं तर हाच हिशोब ३० वरून सुरू होतो आणि दोन्ही सर्व्हिस आरामात मावतात. सबनेट नंतर वाढवायचं म्हणजे स्विच, फायरवॉल आणि पूल, सगळीकडे हात घालावा लागतो.

पूलमध्ये गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) दोन्ही भरा. डीएनएस भरायचं राहिलं की व्हीएम उभं राहतं, आयपी घेतं, पिंगही होतं, आणि डोमेनमध्ये (एकत्र लॉगिनच्या नेटवर्कमध्ये) जात नाही, कारण डोमेन सांभाळणारा सर्व्हर, डोमेन कंट्रोलर, कुठे आहे हेच त्याला कळत नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून माणूस रन ॲज अकाउंट (व्हीएमएममध्ये साठवलेलं लॉगिन) तपासत बसतो. आधी पूल उघडून बघा.

मेमरी आणि प्रोसेसरचा हिशोब असाच शिखरावर. वेब व्हीएमला ४ व्हर्च्युअल प्रोसेसर आणि ८ जीबी, ॲप्लिकेशन व्हीएमला ४ आणि १६ जीबी धरले, तर सहा वेबचे ४८ आणि तीन ॲप्लिकेशनचे ४८, मिळून ९६ जीबी. चाचणीची सर्व्हिस प्रत्येक टिअरला एका व्हीएमची, म्हणजे २४ जीबी. बेरीज १२०. समजा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरमध्ये, १२८ जीबीचे तीन होस्ट (व्हीएम चालवणारे प्रत्यक्ष सर्व्हर) आहेत. एक बंद पडला तरी काम चालावं म्हणून तो हिशोबातून काढायचा, राहिले २५६. दोन्ही होस्टच्या स्वतःच्या गरजेला ८-८ सोडले, २४०. डेटाबेसचे ६४ आणि डोमेन कंट्रोलर वगैरेंचे १६ गेले, उरले १६०. यात १२० बसतात. व्हीएमएममध्ये क्लस्टरच्या गुणधर्मांत राखीव नोडची (होस्टची) संख्या असते, ती १ च ठेवा. जागा कमी पडते म्हणून ती शून्य करण्याची वेळ आली तर टेम्प्लेटमधली कमाल संख्या कमी करा. डायनॅमिक मेमरी वेब टिअरला चालेल. डेटाबेसच्या व्हीएमला मेमरी पक्की द्या, आणि एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरीही बांधून द्या.

प्रत्येक टिअरला किमान, सुरुवातीची आणि कमाल संख्या देता येते. वेबला २, २, ६ आणि ॲप्लिकेशनला १, २, ३ हे या कामाला पुरतं. कमाल आकडा म्हणजे रात्रपाळीतल्या माणसाला आखून दिलेली हद्द. तो अंदाजे भरू नका, वरच्या बेरजेतून काढा. वेब टिअरला अव्हेलेबिलिटी सेटही द्या, म्हणजे दोन वेब व्हीएम शक्यतो वेगवेगळ्या होस्टवर पडतील.

वर्षातून एकदा बदलणारं प्रोफाइलमध्ये म्हटलं होतं. गेस्ट ओएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या विंडोजच्या मांडणीत, तीन जागी जास्त चुका होतात.

पहिली, संगणकाचं नाव. नावाचा साचा देता येतो, वेब#### दिलं की वेब०००१, वेब०००२ अशी नावं पडतात. पण डिलीट केलेल्या व्हीएमचा क्रमांक पुन्हा वापरात येत नाही. वेब०००२ काढलं तरी पुढचं वेब०००३ च येणार. दर हंगामाला चार वाढवायची आणि चार काढायची, वर चाचण्या, तर दोन चौकटींचा (##) साचा काही वर्षांत संपतो. चार चौकटी घ्या, आणि पूर्ण नाव १५ अक्षरांच्या आत बसवा, नेटबायोसची मर्यादा तेवढीच आहे. मॉनिटरिंगमध्ये, फायरवॉलच्या नियमांत किंवा बॅकअपच्या यादीत वेब०००१ असं नाव हाताने लिहिलेलं असेल तर तेही आत्ताच काढा. पुढच्या हंगामात ते नाव नसेल.

दुसरी, टाइम झोन. भारताची वेळ, अधिक ५:३०, स्वतः निवडून द्या. डोमेनमधून घड्याळ जुळतं म्हणून झोनही जुळेल असं समजू नका, झोन वेगळा असतो. झोन यूटीसी राहिला तर पहाटे ३ वाजता काट्यावर आलेल्या गाडीची वेळ आदल्या दिवशीची रात्री ९:३० पडते. टनेजची एकूण बेरीज बरोबर येते, दिवसाचं गाळप मात्र जुळत नाही. आणि सहापैकी एकाच व्हीएममध्ये झोन चुकलेला असेल तर चूक सापडायला आठवडा जातो.

तिसरी, प्रॉडक्ट की. चुकीची की किंवा दुसऱ्या एडिशनची की दिली तर विंडोजचं सेटअप पडद्यावर उत्तर मागत थांबतं. व्हीएमएममध्ये काम ‘कस्टमाइझ’च्या पायरीवर अडकलेलं दिसतं, चूक म्हणून काहीच येत नाही. अशा वेळी लॉग चाळण्याआधी त्या व्हीएमचा कन्सोल उघडा. तिथे प्रश्न विचारलेला असतो.

ॲप्लिकेशन प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट येतात. स्क्रिप्ट आणि तिला लागणाऱ्या फाइल व्हीएमएमच्या लायब्ररीत (सामाईक फाइलसाठ्यात) एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि फोल्डरच्या नावाला शेवटी .सीआर जोडायचं, इंग्रजी अक्षरांत. मग व्हीएमएम तो कस्टम रिसोर्स म्हणून ओळखतो आणि व्हीएममध्ये पाठवतो. फोल्डर ठेवल्या ठेवल्या कन्सोलमध्ये दिसला नाही तर लायब्ररी शेअर हाताने रिफ्रेश करा.

डेटाबेसचं नाव, काट्याच्या सर्व्हिसचा पोर्ट, कोणत्या हंगामाचा डेटा, हे स्क्रिप्टमध्ये लिहू नका. तिथे सर्व्हिस सेटिंग वापरा, @डीबीसर्व्हर@ असं दोन ॲट चिन्हांमध्ये नाव द्यायचं. सर्व्हिस उभारताना व्हीएमएम किंमत विचारतो. पासवर्डचं सेटिंग एन्क्रिप्टेड करा, आणि डेटाबेसच्या नावाला तयार किंमत देऊ नका, ती जागा कोरी आणि सक्तीची ठेवा. तयार किंमत म्हणून खरा डेटाबेस भरून ठेवला की कधीतरी चाचणीची सर्व्हिस खऱ्या नोंदींवर बसते.

स्क्रिप्टबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही पाळायच्याच. एक, ती दुसऱ्यांदा चालली तरी बिघडता कामा नये. उभारणी मध्येच अडकली तर काम पुन्हा सुरू करता येतं, आणि तेव्हा अडकलेली पायरी परत चालते. ‘फोल्डर बनव’ म्हणणारी स्क्रिप्ट फोल्डर आधीच आहे म्हणून मरते. आधी आहे का बघ, नसेल तर बनव, अशी लिहा. दोन, ती चुकली तर तिने चुकले असं सांगितलं पाहिजे. पॉवरशेलची स्क्रिप्ट किरकोळ चूक गिळून पुढे जाते आणि शेवटी शून्य परत देते. व्हीएमएमला वाटतं सगळं ठीक. मग व्हीएम हिरवं दिसतं आणि वेबसाइट उघडत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत एररॲक्शनप्रेफरन्स ‘स्टॉप’ करा, म्हणजे चूक झाली की ती तिथेच थांबेल. वेळेची मर्यादाही बघा. लहान स्क्रिप्टला दोन मिनिटं पुरतात, डॉटनेटसारखं काही बसवायचं असेल तर पंधरा द्या.

टेम्प्लेट पब्लिश केलं की ते बदलता येत नाही. बदल हवा तर त्याची प्रत काढून नवं रिलीज करायचं, पब्लिश करायचं, चालू सर्व्हिसला ते लावायचं आणि मग अपडेट चालवायचं. रिलीजला ‘नवीन’ किंवा ‘फायनल’ असं नाव देऊ नका. ‘२०२५-०९’ असं वर्ष-महिना लिहिलं की यादी आपोआप लागते. अपडेट दोन प्रकारे होतं: आहे त्या व्हीएममध्ये बदल, किंवा जुन्या व्हीएमच्या जागी नव्या इमेजचं व्हीएम. दुसऱ्या प्रकारात जुन्या व्हीएममधलं जे जपायचं असेल ते स्क्रिप्टने बाहेर काढून परत आत ठेवावं लागतं. डेटाबेस बाहेर ठेवल्याचं चीज इथे होतं, वेब व्हीएममध्ये जपायचं काही राहतच नाही. वेब टिअरला अपग्रेड डोमेन २ ठेवा, म्हणजे अर्धी व्हीएम बदलत असताना अर्धी चालू राहतील. १ ठेवलं तर सगळी एकदम खाली जातात, आणि काट्यावर गाड्या थांबतात.

नवं रिलीज सप्टेंबरात काढायचं. टिअर वाढवताना सर्व्हिस ज्या रिलीजवर आहे त्याचीच इमेज वापरली जाते. मागच्या वर्षीची असेल तर नोव्हेंबरात उभी राहिलेली चार नवी व्हीएम एकाच वेळी वर्षभराचे पॅच ओढत बसतात, तेही ऐन गर्दीत.

कृष्णाकाठचं आणखी एक काम आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर सांगलीकरांना वेगळे सांगायला नकोत. लायब्ररी शेअर सर्व्हर रूममध्ये एकच असेल आणि खोली तळमजल्यावर असेल तर टेम्प्लेट पाण्याबरोबर जातं. दुसरा लायब्ररी शेअर पूररेषेबाहेरच्या जागी ठेवा. दोन्हीकडच्या व्हीएचडीएक्सना आणि कस्टम रिसोर्सना फॅमिली नेम आणि रिलीज अगदी सारखं लिहा, तरच व्हीएमएम त्यांना एकमेकांच्या जोडीचे मानतो. एका जागी एक स्पेस जास्त पडली तरी जोडी जमत नाही. शिवाय प्रत्येक रिलीज एक्स्पोर्ट करून ठेवा. एक्स्पोर्ट करताना प्रत्यक्ष फाइल बरोबर घेण्याची खूण करा, नाहीतर नुसता आराखडा बाहेर येतो आणि डिस्क मागेच राहते. गुप्त सेटिंग बरोबर घेतली तर तिथे पासवर्ड द्यावा लागतो, तो त्याच डिस्कवर लिहून ठेवू नका.

पब्लिश करण्याआधीची चाचणी अर्ध्यावर सोडू नका. सर्व्हिस किमान संख्येवर उभी करा, मग वेब टिअर थेट सहापर्यंत वाढवा, कोटा आणि पूल पुरतो का ते तिथेच कळतं. एक होस्ट मेंटेनन्सवर टाका. सहाव्या व्हीएमवरून एक खोटी काटापावती करा आणि तिची वेळ तपासा. शेवटी सर्व्हिस डिलीट करा, आयपी पूलमध्ये पत्ते परत आले का ते पाहा, आणि टेम्प्लेटच्या वर्णनाच्या रकान्यात मास्टर व्हीएमचं नाव, पॅचचा महिना आणि कमाल संख्येमागची बेरीज लिहून मगच पब्लिशचं बटण दाबा.